बिदागी नाकारणारा गीतसंग्राहक

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स (१७५९-१७९६) पोटासाठी अबकारी खात्यात नोकरी करी. दुसऱ्याच्या मालाचे माप घ्यावे, त्यावर कर आकारावा, हे त्याचे काम. आठवड्याला २०० मैल घोड्यावरून रपेट आणि पगार आरंभी वर्षाला अवघा ५० पौंड. स्वतःच्या एका मोठ्या श्रमाला मात्र या माणसाने कधी दर लावला नाही. तो श्रम म्हणजे लोकगीतांचा संग्रह.

स्वरलिपी कोरून छापणारा एडिंबरोचा कारागीर जेम्स जॉन्सन याच्या संग्रहासाठी १७८७ पासून बर्न्स राबू लागला. त्या संग्रहाच्या सहा खंडांतील ६०० गाण्यांपैकी सुमारे तृतीयांश त्याच्या हातून गेली. त्याची रीत पत्रांतून स्पष्ट कळते. आधी चाल गुणगुणून मनात मुरवायची, मग शब्द जुळवायचे. एखाद्या गाण्याचे नुसते ध्रुपद उरले असेल, तर ते तसेच राखून बाकीचे गाणे तो नव्याने उभे करी.

१७९२ मध्ये जॉर्ज टॉमसन या सुसंस्कृत कारकुनाने दुसऱ्या संग्रहासाठी त्याला लिहिले आणि मोबदलाही देऊ केला. बर्न्सने काम पत्करले, मोबदला नाकारला. १७९३ मध्ये टॉमसनने ५ पौंड पाठविले, तेव्हा त्याने ते ठेवून घेतले. पण पुन्हा असे झाल्यास संबंध तोडीन, अशी तंबी दिली. त्याला पैशाचे वावडे होते असे नव्हे. कवितासंग्रहाचे पैसे त्याने रीतसर घेतले होते. देशाच्या गाण्यांसाठी मजुरी घेणे मात्र त्याला कमीपणाचे वाटे. या मानीपणाचा लाभ प्रकाशकाला झाला, हेही नमूद केले पाहिजे.

१२ जुलै १७९६ रोजी सॉल्वे खाडीकाठच्या ब्राऊ येथून, मरणपंथाला लागलेल्या बर्न्सने त्याच टॉमसनकडे ५ पौंड मागितले. एका कापडवाल्याने बिलासाठी तगादा लावला होता आणि तुरुंगाची धास्ती त्याला छळीत होती. फुकट नको, तेवढ्या किमतीची गाणी देईन, असेही त्याने कळविले. गाण्याचा आणि पौंडाचा हिशेब त्याने मांडला तो असा. टॉमसनने रक्कम तत्काळ पाठविली. २१ जुलैला बर्न्स वारला.

लिव्हरपूलचे डॉक्टर जेम्स करी यांनी १८०० मध्ये त्याचे साहित्य व पत्रे चार खंडांत छापली, ती विधवेच्या आणि मुलांच्या चरितार्थासाठी. छापताना काटछाटही पुष्कळ केली. तरी अभ्यासकांना वारंवार पत्रांकडेच वळावे लागले. कारण जॉन्सनच्या खंडांत बर्न्सची बहुतेक गाणी निनावी किंवा नुसत्या खुणेच्या अक्षराने छापलेली होती. ‘ऑल्ड लँग साइन’ हे त्याचे जगभर गायिले जाणारे गीत १७९६ च्या अखेरीस, त्याच्या मृत्यूनंतर, तसेच छापले गेले. एका वृद्धाच्या तोंडून आपण ते उतरवून घेतले, असे त्याने टॉमसनला कळविले होते. त्यातला वृद्ध किती आणि बर्न्स किती, यावर पुढे वाद होत राहिला.