रंगाऱ्याचा गणपती

शालू रंगवणारा माणूस इतिहासात कशासाठी ओळखला जावा? रंगासाठी. पण पुण्याच्या बुधवार पेठेतले भाऊसाहेब रंगारी ओळखले जातात ते गणपतीसाठी. मैत्रिणींनो, आपल्याकडे गणेशोत्सव म्हटलं की लोकमान्यांचं नाव पटकन ओठावर येतं, आणि ते रास्तच आहे. पण या माणसाबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकांत काही फारसं नव्हतं, म्हणून आज त्यांच्याविषयी.

नाव भाऊ लक्ष्मण जावळे. पेशाने वैद्य, राजवैद्य म्हणून मान असलेले. जोडीला कापड रंगवण्याचा धंदा, त्यावरून रंगारी हे नाव पडलं आणि जावळे मागेच राहिलं. काळ कसला, तर इंग्रजांचा. मँचेस्टरचं गिरणीचं कापड बाजारात येऊन बसलेलं. १८६९ च्या सुमारास जर्मनीत मंजिष्ठेचा लाल रंग कारखान्यात बनू लागला, १८९७ मध्ये नीळही तशीच आली. आपल्या आज्या-पणज्यांची लुगडी ज्या मुळांनी, पानांनी रंगत, ती हळूहळू बाजारातून उठली. परकं राज्य फक्त कचेरीत नसतं, ते रंगाऱ्याच्या कढईतही उतरतं. भाऊसाहेबांच्या धंद्यातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१८९२ साली नानासाहेब खासगीवाले ग्वाल्हेरला गेले होते. तिथे दरबारी थाटाचा गणेशोत्सव पाहून आले आणि पुण्यात बोलले. भाऊसाहेबांच्या वाड्यात मंडळी जमली आणि ठरलं, की घरातला गणपती चौकात आणायचा. त्या वर्षी खासगीवाले, घोटवडेकर आणि भाऊ रंगारी असे तीन गणपती बसले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १८९३ च्या केसरीत टिळकांनी या उपक्रमाचं कौतुक केलं, १८९४ मध्ये ते स्वतः पुढे आले, आणि मग महाराष्ट्रभर वारं पसरलं. कोण पहिला, यावरून पुण्यात २०१७ साली मोठी धुमश्चक्री झाली. महापालिकेने त्या वर्षी १२५ वं वर्ष साजरं केलं आणि जुना वाद उफाळला. मला विचाराल तर पूजेचा मान कुणाचा, यापेक्षा मूर्ती कशी होती हे बघण्यासारखं आहे.

भाऊसाहेबांचा गणपती मोदक खात निवांत बसलेला नाही. तो राक्षसाशी लढतोय, त्याला चिरडतोय. राक्षस कोण, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं! पण त्यावर खटला तरी कसा भरणार? गणपतीला राजद्रोहाचं कलम लावता येत नाही. पुढे मेळ्यांतली गाणी सरकारला खुपू लागली आणि त्यांच्यावर बंधनं आली. मूर्ती मात्र गप्प राहून बोलत राहिली. आणि हे एकट्याचं काम नव्हतं. मूर्ती घडवणारा, आरास करणारे, ढोल-लेझीम, गाणी रचणारे, वाट्याला वर्गणी येणारे, सगळ्यांचं मिळून झालेलं चित्र होतं ते. बायका त्या चित्रात खिडकीतून बघणाऱ्या होत्या, हेही मी लिहून ठेवते.

आता मला जे फार महत्त्वाचं वाटतं ते. ही मूर्ती लाकूड आणि भुशाची आहे. ती पाण्यात सोडली जात नाही, तीच मूर्ती जपून वर्षानुवर्षं पूजली जाते. तेव्हा प्रदूषण हा शब्दही नव्हता, त्यामुळे मी भाऊसाहेबांना पर्यावरणवादी वगैरे म्हणणार नाही. आपल्याकडे मात्र प्लास्टर ऑफ पॅरिस आलं. भाजलेल्या जिप्समचं पीठ पाण्यात विरघळत नाही, तळाशी गाळ होऊन बसतं, वर रंगातली शिसं-पाऱ्यासारखी द्रव्यं. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२० मध्ये नियम कडक केले, तरी मूर्तिकार, मंडळं आणि न्यायालयं यांत ओढाताण चालूच राहिली. पेणच्या कित्येक घरांची चूल या मूर्तींवर पेटते, हे विसरून चालत नाही. शाडूचंही सोपं नाही बाई, तीही माती गुजरातेतून गाड्या भरभरून येते.

घरच्या गणपतीचं म्हणाल तर आमच्या ओळखीच्या काही घरांत पितळी मूर्ती बसते, अंगणातल्या बादलीत तिला बुडवून परत देव्हाऱ्यात. सासूबाई कुरकुरतात, मग एखाद्या वर्षी गप्प बसतात.

भाऊसाहेब १९०५ मध्ये गेले. म्हणजे त्यांनी उत्सव जेमतेम तेरा-चौदा वर्षं पाहिला. त्याच वर्षी वंगभंग झाला, स्वदेशीचा वणवा पेटला, परदेशी कापडाची पुण्यात होळी झाली. रंगाऱ्याच्या पेठेतून तो धूर फार लांब नव्हता. त्यांचा वाडा दुरुस्त करताना जुनी शस्त्रं निघाली, असं सांगतात. लढणारा गणपती अजून बुधवारात आहे. लक्ष्मी रोडला साड्यांना गेलात, तर पिशव्या हातात घेऊनच थोडं आत वळा.