बाबासाहेबांचे शिक्षक : प्रा. जॉन ड्यूई

तथागत बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतिबा फुले हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तीन गुरू, हे आपल्या वस्तीतलं लहान पोरही सांगेल. पण अमेरिकेत ज्यांच्या वर्गात बाबासाहेब प्रत्यक्ष शिकले, त्या प्रा. जॉन ड्यूई यांचे नाव आपल्या घराघरांत अजून पोहोचलेले नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हांला वाटले, त्याला कारण आहे. ड्यूईंनी विद्यापीठातच मुलांची एक शाळा काढली होती. मुलांनी शिकायचे कसे आणि एकमेकांबरोबर राहायचे कसे, याचा शोध त्या शाळेत चालला होता. तो शोध आपल्याही कामाचा आहे.

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टन या गावी झाला. वडील किराणा दुकानदार होते. १८७९ साली पदवी घेतल्यावर ड्यूईंनी ऑइल सिटी नावाच्या गावात मास्तरकी केली. १८८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते मिशिगन विद्यापीठात शिकवू लागले. १८८६ साली अॅलिस चिपमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९४ साली शिकागो विद्यापीठाने त्यांना विभागप्रमुख म्हणून बोलावले. पुढच्याच वर्षी युरोपच्या प्रवासात त्यांचा मॉरिस नावाचा लहान मुलगा घटसर्पाने दगावला. हे दुःख उरात ठेवून पती-पत्नी शिकागोला परतले आणि मुलांच्या शाळेच्या कामाला लागले.

रसायनशास्त्र शिकवायचे तर प्रयोगशाळा लागते. मग शिक्षणाचे शास्त्र नुसत्या पुस्तकांवर कसे उभे राहील? असा ड्यूईंचा सरळ हिशेब होता. आपल्याकडे अध्यापक विद्यालयाला जोडून सराव पाठशाळा असते. तिथे नवे शिक्षक शिकवण्याचा हात बसवतात. ड्यूईंची शाळा त्याहून वेगळी होती. शिक्षणाबद्दलचे विचार मुलांच्या रोजच्या जगण्यात खरे उतरतात की नाही, हे तिथे तपासायचे होते. जानेवारी १८९६ मध्ये १६ मुले आणि २ शिक्षक एवढ्यावर ती सुरू झाली. १९०२ पर्यंत मुले १४० आणि शिक्षक २३ झाले. प्रयोगशाळा-शाळा हे नाव तिला पुढे मिळाले.

शाळेसाठी बाके घ्यायला ड्यूई बाजारात फिरले, तर मनासारखे एकही सापडेना. शेवटी एक दुकानदार म्हणाला की, तुम्हाला मुलांनी काम करायची बाके हवीत, आमच्याकडची सगळी ऐकत बसायची आहेत. ड्यूईंनी हा प्रसंग पुढे आवर्जून सांगितला, कारण त्या काळच्या शाळेचं सगळं दुखणं त्यात आलं होतं.

या शाळेत मुलं स्वयंपाक करत, शिवत, विणत, सुतारकाम करत. मुलगे सुई धरत आणि मुली हातोडी. हे धंदेशिक्षण नव्हते. कामातून विद्या निघत होती. एकदा मुलांच्या हाती कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस दिला. सरकी हाताने वेगळी करता करता मुलांच्या एका गटाचा अर्धा तास गेला आणि हाती कापूस आला औंसभरसुद्धा नाही. पूर्वीच्या माणसांनी कापसाऐवजी लोकरीचे कपडे का घातले, हे मग मुलांना कोणी सांगावे लागले नाही. वऱ्हाड-खानदेशात ज्यांच्या आयाबायांनी कापूस वेचला, त्यांना तर ते लगेच कळेल! तिथून पुढे पिंजणे, कातणे, विणणे, यंत्रे, व्यापार, भूगोल असा अभ्यास वाढत गेला. मोठ्या मुलांना आपल्या मंडळासाठी जागा हवी होती, तर त्यांनी आराखडा करून छोटे घरच बांधायला घेतले.

आता याच काळातली आपली बाजू पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाचे नाव दाखल झाले. त्याला वर्गात वेगळे बसावे लागे, आणि बसायचे गोणपाट घरून आणून संध्याकाळी परत न्यावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच घोटभर मिळे. एकीकडे मुलं मिळून घर बांधत होती, दुसरीकडे एका मुलाला गोणपाटापुरतीही शाळा आपली नव्हती.

ड्यूईंच्या शाळेचे सगळेच गोड होते असे नाही. मुले बहुतेक प्राध्यापकांच्या आणि शिकल्यासवरल्या घरांतली होती. पैशाची ओढाताण कायम असे. १९०१ साली दुसरी एक शाळा विद्यापीठात सामील झाली. दोन्ही एकत्र आल्यावर अॅलिसबाईंच्या मुख्याध्यापकपदावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी वाद झाला आणि १९०४ साली ड्यूई पती-पत्नी शिकागो सोडून गेले. शाळा मात्र राहिली, ती आजही शिकागो विद्यापीठात आहे. तिच्या पाठोपाठ अनेक विद्यापीठांनी आपापल्या शाळा काढल्या.

ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. १९०९ साली काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जी संघटना उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या परिषदेत ते सामील झाले. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियात दाखल झाले आणि ड्यूईंच्या वर्गात बसू लागले. साताऱ्याचा तो विद्यार्थी आणि शिकागोचा तो शाळामास्तर असे समोरासमोर आले. १९१६ साली ड्यूईंचा लोकशाही आणि शिक्षण यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. लोकशाही ही केवळ राज्य चालवण्याची पद्धत नसून एकमेकांत मिसळून, अनुभव वाटून घेऊन जगण्याची रीत आहे, हा त्याचा गाभा. हीच गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ साली जातिप्रथेचे विध्वंसन करताना मांडली, आणि ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले. जात ही माणसांचे मिसळणेच बंद करते, हे मात्र बाबासाहेबांनी स्वतःच्या भोगण्यातून जोडले.

१ जून १९५२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी ड्यूईंचे निधन झाले. कोलंबियाची सन्माननीय डॉक्टरेट घेण्यासाठी बाबासाहेब त्याच आठवड्यात न्यूयॉर्कला पोहोचले. जुन्या शिक्षकांना भेटायची त्यांना ओढ होती. ती भेट राहूनच गेली.

बंधू-भगिनींनो, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे भगवान बुद्धांनी केसपुत्त गावच्या कालामांना अडीच हजार वर्षांपूर्वी शिकवले. ड्यूईंच्या शाळेत हेच मुलांच्या हाती दिले होते. आपण मात्र विहारात मुलांना रांगेने बसवतो आणि ऐकवत राहतो. वंदना तोंडपाठ झाली की झाले!

पुढच्या पौर्णिमेच्या भोजनदानाचा हिशेब मुलांवर सोपवून बघावा असे आम्ही सुचवतो. माणसे किती, तांदूळ किती, डाळ किती, खर्च किती, कोणाकडून काय आणायचे, हे मुला-मुलींनी मिळून ठरवावे. मुलग्यांनीही तांदूळ निवडावेत, मुलींनीही वही धरावी. एखाद्या वेळी भात कमी पडेल, पडू द्या. का कमी पडला हे ती मुलं जन्मभर विसरणार नाहीत. त्याला विद्यापीठ लागत नाही, इमारत लागत नाही. आपले विहार पुरेसे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!