अर्धवट खोप्याचा माग

थंड मुलखांत हिवाळ्यात अंगणभर बर्फ पसरतं आणि रात्री कोण येऊन गेलं, हे सकाळी पावलांच्या ठशांवरून कळतं. आपल्या कर्जत-खालापुरात बर्फ कुठलं! पण भातकापणी उरकल्यावर, पौषातल्या एखाद्या सकाळी विहिरीकाठच्या शिंदीखाली जाऊन पाहावं. सुगरणीचे गळून पडलेले खोपे तिथे सापडतात. काही पुरे, लांब नळीचे. काही मात्र उपड्या टोपीसारखे, अर्ध्यावरच सोडलेले. हे अर्धे खोपे म्हणजे नराने झोके घ्यायला बांधलेले पाळणे, असा जुना समज होता.

या अर्ध्या खोप्यांचा खरा अर्थ लागला तो आपल्याच जिल्ह्यात, किहीमला. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. आणि अर्थ लावणारा माणूस त्या वेळी चक्क बेकार होता.

सलीम अलींचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथे मिलार्डसाहेबांनी कपाटातले पेंढा भरलेले पक्षी उघडून दाखवले. पुढे ब्रह्मदेशात धंदा केला, तो बुडाला. १९१८ मध्ये तेहमिनाशी लग्न झालं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी मिळाली. पक्षिशास्त्र नीट शिकावं म्हणून ते रजा घेऊन बर्लिनला गेले, प्रोफेसर स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले आणि १९३० मध्ये परतले. पाहतात तो पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

मुंबईत राहणं परवडेना. नवराबायको किहीमला आले. पस्तिशीकडे झुकलेला माणूस, पदरी नोकरी नाही, हाती आहे ते नुसतं पाखरांचं वेड. घरोघरी अशा जावयाबद्दल काय बोललं जातं, ते सांगायला नको. पण तेहमिनाबाईंनी साथ दिली.

पाऊस सुरू झाला आणि घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत भरली. सलीम अलींनी शिडी उभी केली, तिच्यावर आडोसा बांधला आणि खोप्यांच्या उंचीवर तासन्‌तास बसून राहिले. प्रत्येक खोप्याची नोंद ठेवली. हळूहळू उलगडा झाला.

आपण सुगरण म्हणतो खरं, पण विणकर असतो नर! गवताच्या, भाताच्या पात्यांचे दोरे काढून तो टोपीएवढा खोपा विणतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून विणकाम तपासते. पसंत पडलं तर मुक्काम करते. मग नर अंड्यांची खोली आणि नळी पुरी करतो. नापसंत खोपा तसाच लोंबत राहतो. पसंती मिळालेला नर मात्र संसारात रमत नाही. मादी अंडी उबवत असताना तो शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी. एका मोसमात एकामागून एक असे अनेक संसार.

१९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. पुढे हैदराबाद, त्रावणकोर अशा संस्थानांतल्या पक्ष्यांच्या पाहण्या झाल्या. १९३९ मध्ये तेहमिना गेल्या. तो घाव मोठा होता. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि घराघरांत पोचलं. नंतर रिप्ले यांच्यासोबत दहा खंड, १९७६ मध्ये पद्मविभूषण, राज्यसभा. १९८७ मध्ये नव्वदी ओलांडून ते गेले.

पडलेला खोपा घरी आणायला हरकत नाही. हिवाळ्यात त्यात कुणी नसतं. मुलांना तो उलगडून पाहू द्या. आत बोटांना वाळलेल्या चिखलाचे गोळे लागतील. ते काजवे चिकटवून घरात उजेड करायला, असं जुनी माणसं सांगतात. वाऱ्यात खोपा फार हलू नये म्हणून ते वजन, असं काही अभ्यासक म्हणतात. एकमत अजून झालेलं नाही.