मनाई हुकूम म्हणजे निकाल नव्हे!

सोलापूरच्या कोर्टाच्या आवारात आपले अनेक समाजबांधव भेटतात. मनाई हुकूम लागला की दावा हरलो, असे समजून ते घरी बसतात. त्यांनी बॅरिस्टर बाबासाहेबांचे जीवन आठवावे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२३ पासून ते मुंबईत वकिली करू लागले. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात काही सवर्णांनी दावा लावला. प्रतिवादी खुद्द बाबासाहेब! १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. हजारो सत्याग्रही जमले असतानाही बाबासाहेबांनी तो पाळला.

ही माघार नव्हती. तात्पुरता हुकूम निकालापर्यंतच असतो. हक्क पुराव्यावर ठरतो. वादींची भिस्त रूढीवर होती. पण रूढी अनादी काळापासून चालत आली हे ती सांगणाऱ्यानेच सिद्ध करायचे असते. ते त्यांना जमले नाही. १९२८ मध्ये मनाई उठली, १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, १९३३ मध्ये ठाण्याचे अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टातही सवर्ण हरले.

जवळजवळ दहा वर्षे बाबासाहेब हटले नाहीत. पुढे १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या कलम १५ ने सार्वजनिक विहिरी आणि तळी सर्वांना खुली केली.

बांधवांनो, तारीख चुकवू नका, कागद जपा, अपिलाची मुदत घालवू नका. जयभीम!