दान नव्हे, काम

बेकाराला भाकरी द्यावी की काम द्यावे, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच धर्मसंस्थांपुढेही उभा राहत आला आहे. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये त्याचे उत्तर कृतीने शोधणारा पुरुष म्हणजे मुक्तिफौजेचे संस्थापक जनरल विल्यम बूथ.

१८२९ मध्ये नॉटिंगहॅम येथे जन्मलेल्या बूथ यांना तेराव्या वर्षीच गहाणवटीच्या पेढीवर उमेदवारी करावी लागली. चीजवस्तू गहाण टाकून दिवस काढणारी कुटुंबे त्यांनी तेथे जवळून पाहिली. पुढे धर्मोपदेशक झाल्यावर १८६५ मध्ये त्यांनी पत्नी कॅथरीन यांच्यासह पूर्व लंडनच्या दरिद्री वस्तीत कार्य आरंभिले. १८७८ मध्ये त्यास मुक्तिफौज हे नाव मिळाले. १८८२ मध्ये तिची तुकडी मुंबईतही येऊन दाखल झाली.

रिकाम्या पोटी उपदेश पचत नाही, हे बूथ यांनी ओळखले होते. भाड्याच्या गाडीचा घोडा रस्त्यात कोसळला, तर लोक त्याला उठवतात. जिवंत असेतो त्याला चारा, निवारा व काम मिळते. माणसाला निदान तेवढे तरी मिळावे, ही त्यांची मागणी होती. १८९० मध्ये त्यांनी तीन टप्प्यांची योजना मांडली : शहरात निवारा व कार्यशाळा, ग्रामीण भागात शेतवसाहत आणि अखेरीस परदेशी वसाहत. बेकारांना काम मिळवून देणारी कचेरी त्याच वर्षी उघडली. १८९१ मध्ये एसेक्समधील हॅडली येथे शेतवसाहत उभी राहिली. परदेशी वसाहत मात्र कागदावरच राहिली.

१८९१ मध्येच त्यांनी आगपेट्यांचा कारखाना काढला. कामगारांच्या जबड्याचे हाड कुजविणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसऐवजी तेथे तांबडा फॉस्फरस वापरीत. बारा डझन पेट्यांमागे अन्यत्र सुमारे अडीच पेन्स मजुरी मिळे. येथे चार पेन्स मिळत. परंतु स्वस्त मालाच्या स्पर्धेत हा कारखाना टिकला नाही. १९०१ मध्ये तो बंद पडला. पांढरा फॉस्फरस हटविण्यासाठी १९०८ चा कायदाच व्हावा लागला.

टीकाही झाली. टी. एच. हक्स्ले यांना या फौजेची एकमुखी सत्ता धोक्याची वाटली. फौजेच्या कार्यशाळेत तुटपुंज्या मोबदल्यावर होणाऱ्या सुतारकामामुळे बाहेरच्या कारागिरांची मजुरी उतरते, असा कामगार संघटनांचा आक्षेप होता. तो वाऱ्यावर सोडण्याजोगा नाही. एकाला उभे करताना दुसऱ्याच्या पायाखालची जमीन सरकत असेल, तर बेकारी केवळ जागा बदलते.

१९१२ मध्ये बूथ निवर्तले. त्याआधीच, १९०९ मध्ये, ब्रिटिश संसदेने सरकारी रोजगार विनिमय केंद्रांचा कायदा केला होता. पडलेल्या माणसाला हात देणे धर्मसंस्थेला साधते. त्याच्यासाठी बाजारात न्याय्य मजुरीची जागा राखणे हे मात्र शासनाचेच कर्तव्य ठरते.