डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज

आपल्या गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती वाजवीपेक्षा जास्त काम करू लागली की छाती धडधडते, हात थरथरतात, भूक असूनही वजन उतरते. कधी गळा सुजतो, डोळे बटबटीत दिसतात. असे होण्याचे सर्वांत मोठे कारण असलेल्या रोगाला डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांचे नाव आहे. त्यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

ग्रेव्ह्‌ज यांचा जन्म १७९६ साली आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. १८१८ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून ते युरोपात अधिक शिकण्यास गेले. ऑस्ट्रियात त्यांचे अस्खलित जर्मन ऐकून त्यांना हेर समजण्यात आले व काही दिवस तुरुंगवास घडला! १८२१ मध्ये ते डब्लिनच्या मीथ रुग्णालयात रुजू झाले. विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन ते शिकवीत. तापाच्या रुग्णाला उपाशी ठेवण्याची जुनी रीत सोडून त्यांनी अन्न देण्याचा आग्रह धरला.

१८३५ मध्ये त्यांनी तीन स्त्री-रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. गळ्याची सूज आणि छातीतील धडधड यांचा संबंध त्यांनी हेरला होता. कारण मात्र त्यांना उमगले नाही. १८५३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी दोनच वर्षे आपल्या पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले होते. यावरून तो काळ ध्यानी येईल.

कारणाचा धागा हाती लागण्यास १९५६ साल उजाडले. न्यूझीलंडमधील अ‍ॅडम्स व पर्व्हेस या संशोधकांनी अशा रुग्णांचे रक्तद्रव्य गिनीपिगना टोचले. त्यांची थायरॉईड नेहमीच्या संप्रेरकापेक्षा कितीतरी जास्त वेळ चेतलेली राहिली. रक्तातील तो घटक म्हणजे प्रतिपिंड, हे पुढे कळले. जंतूंशी लढणारी शरीराची ही यंत्रणाच थायरॉईडला विनाकारण कामाला जुंपते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार!

पालकांनाही आमची एक विनंती आहे. मूल वाळत चालले, हात कापतात, छाती धडधडते, तर परीक्षेची भीती म्हणून सोडून देऊ नका. स्त्रिया व मुलींत हा रोग अधिक आढळतो आणि दुर्लक्ष केल्यास हृदयावर ताण येतो. साध्या रक्ततपासणीने थायरॉईडचे काम कळते आणि रोगावर उपचारही आहेत. ग्रेव्ह्‌ज यांच्यापाशी अशी तपासणी नव्हती. त्यांनी रुग्णाकडे नीट पाहिले. तेवढे तर आपण सर्वजण करू शकतो.