खाँसाहेबांची बीन

गेल्या रमजान ईदच्या आधीची गोष्ट. नया नगरमधल्या आमच्या घरात साफसफाई निघाली आणि पलंगाखालचा पत्र्याचा पेटारा बाहेर आला. आत दादांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, जुन्या तबकड्या होत्या. अब्बांनी त्या भंगारवाल्याला द्यायचे ठरवले होते. दीड खोलीत माणसांनाच जागा नाही, हे त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. मी फक्त एक दिवस मागून घेतला.

दादा मूळचे मिरजेचे. तरुणपणी त्यांनी तिथे तंबोरे करणाऱ्यांच्या हाताखाली भोपळे घासले, मग पोटासाठी मुंबई गाठली. पेटाऱ्यात बहुतेक नाटकातली पदे होती. तळाशी ओडियनची एक तबकडी निघाली. वरचा कागद निम्मा उडालेला; अब्दुल करीम खाँ एवढेच वाचता येत होते. ठुमरी असेल म्हणून मी ग्रामोफोनला चावी दिली आणि सुई टेकवली. गळा ऐकू आलाच नाही, आल्या त्या तारा! खाँसाहेब बीन वाजवीत हे मला ठाऊकच नव्हते. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत सुटले.

जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैरान्याचा. घराण्यात गाणे आणि सारंगी. तरुण वयात ते बडोद्याच्या दरबारात आले आणि तिथेच त्यांची ताराबाई मान्यांशी गाठ पडली. एक मुसलमान गवई, एक मराठा सरदाराची मुलगी! दोघांना बडोदे सोडावे लागले. पुढे मुंबई, मिरज, पुणे असा संसार फिरत राहिला. पुण्यात 1913 साली त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. गरीब मुलांना जवळ ठेवून घेऊन शिकवले. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. सांगलीचे देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स श्रुतींचा हिशेब मांडत होते, तेव्हा खाँसाहेबांनी त्यांना गाऊन श्रुती दाखवल्या. तंबोऱ्याची जवारी मनासारखी लागल्याखेरीज त्यांचे समाधान होत नसे. अशा माणसाच्या हातात बीन असावी यात नवल ते काय?

पण मला चटका लागला तो घरच्या हकिगतीचा. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या. मुले मोठी गायक झाली, पण बापाचे नाव कुणाच्याच नावापुढे लागले नाही. दोष कुणाचा, हे ठरवणारी मी कोण? एवढे मात्र वाटते की, हिराबाईंच्या स्वरातला तो हळुवारपणा कुठून आला हे सांगायला आडनावाची गरज पडली नसावी.

तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्या वेळात खाँसाहेबांनी काय काय मांडून ठेवले! ख्याल, ठुमरी, मराठी नाट्यपदही. दक्षिणेत त्यांना मोठा मान होता. त्यागराजांची कृती गाऊन त्यांनी ध्वनिमुद्रित केली. त्यांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका दुकानात वाजत होती; ती ऐकून भीमसेन जोशी नावाचा मुलगा गाण्यासाठी घर सोडून गेला. बीनेच्या तबकडीपायी मात्र कुणी घर सोडल्याचे माझ्या वाचनात नाही. ती तशीच पेटाऱ्यांच्या तळाशी गेली.

1937 च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावरच नमाज पढले, दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नाव घेतले आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. दर्ग्यात त्यांच्या नावाने दरवर्षी गाण्याची बैठक भरते. दादा लहानपणी तिथे रात्र रात्र बसत.

दादांना आता फारसे ऐकू येत नाही. संध्याकाळी रोजा सोडल्यावर मी तबकडी पुन्हा लावली. त्यांनी ग्रामोफोनच्या लाकडी पेटीवर तळवा टेकवला आणि बाजू संपेपर्यंत उचलला नाही. मग जवारी उत्तम आहे, सुई मात्र बदलायला हवी, असे त्यांनी अब्बांना बजावले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. अब्बांनी त्याला रद्दी तेवढी दिली.